वादळ उजव्या हाताला

विल्मा माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या लिपोवेत्स गावातलं औषधांचं दुकान ती सांभाळते आणि उरलेल्या वेळात युरोप सांभाळते. हे मी थोडं चेष्टेनं म्हणते, पण खोटं नाही.

तिचा नऊ जणांचा एक गट आहे. फिनलंडचा योर्मा, एक पोर्तुगालची बाई, एक रुमानियाचा, बाकीचे असेच इकडचे तिकडचे. पगार कुणालाच नाही. पाळीपाळीनं एकेक जण उद्याचा नकाशा काढतो. लिस्बनपासून थेट उरल पर्वतापर्यंत उद्या विजा कुठे कडाडतील, गारा कुठे पडतील, वारा कुणाचं छप्पर उचलेल, ते त्यावर असतं. सरकारी हवामान खाती आपापल्या देशापुरतं बघतात आणि चांगलं बघतात. पण ढगाला पासपोर्ट लागत नाही, असं विल्माचं म्हणणं. नकाशावर नुसत्या विजांसाठी एक बारीक रेघ असते आणि तिच्या आत धोक्याचे आकडे. एक म्हणजे आभाळाकडे लक्ष असू द्या. दोन म्हणजे या पट्ट्यात कुठेतरी नुकसान होणार. तीन क्वचितच येतो, आणि तो लिहिण्याआधी विल्मा उठून हात धुऊन येते, का ते तिलाही सांगता येत नाही.

आमच्या आईच्या वेळी काळा ढग आला की चर्चची घंटा वाजवायचे आणि आई सणाला पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेऊन आणलेली डहाळी चुलीत टाकायची. मी अजून टाकते. साविन्या नदीच्या काठानं सगळे हॉपचे मळे, बिअरला कडूपणा देणाऱ्या त्या वेली, आणि दहा मिनिटांच्या गारांनी वर्षाचं पीक जमिनीवर येतं. त्यामुळे आभाळाची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही. आभाळाबद्दल बोलणाऱ्या माणसाची मात्र सगळे करतात. दुकानात म्हातारी येते, गुडघ्याची गोळी मागते आणि विचारते, "काय गं, परवा हा दुखेल का?" विल्मा पाकिटावर लिहून देते, गोळी दिवसातून दोनदा, छत्री एकदा. असं छान चाललं होतं.

आता तिच्या कामातली एक खुबी सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. ही मंडळी नकाशावरची रेघ नुसती रंगवत नाहीत. रेघेवरची गावं ओळीनं लिहून द्यावी लागतात आणि मग संगणक रंग भरतो. रंग कोणत्या बाजूला भरायचा? त्यांचा नियम असा, की त्या गावांवरून तुम्ही चालत निघालात असं समजायचं, वादळ तुमच्या उजव्या हाताला. गावं सरळ ओळीत लिहिली तर वादळ जागेवर. तीच गावं उलट्या ओळीत लिहिली तर रेघ जिथल्या तिथेच राहते, पण उजवा हात दुसरीकडे जातो.

गेल्या उन्हाळ्यात विल्मानं इटलीतल्या जेनोआपासून ईशान्येला ल्विव्हपर्यंतची रेघ ल्विव्हपासून जेनोआपर्यंत लिहिली. कारण काही नव्हतं. दमलेली नव्हती, फोन वाजला नव्हता, नवऱ्याशी भांडण झालं नव्हतं. नकाशा दुसऱ्या कुणीतरी एकदा बघायचा असा त्यांचा नियम, पण विल्माचा नकाशा म्हणून त्या दिवशी कुणी बघितला नाही. संगणकानं इमानेइतबारे जर्मनी रंगवली, नॉर्वे रंगवली, आइसलंडसुद्धा रंगवलं, आणि आल्प्सच्या खाली, जिथे खरं वादळ येणार होतं, तिथे कोरा पांढरा कागद ठेवला.

आमच्या खाली समुद्राकडे, इस्त्रियातल्या एका छोट्या खाडीत वल्हवणाऱ्या मुलांचं शिबिर होतं. त्यांचा शिक्षक रोज विल्माच्या गटाचा नकाशा बघायचा. त्यानं पांढरा कागद बघितला आणि नावा पाण्यात उतरवल्या. तिसऱ्या प्रहरी वारा आला. नावा उलटल्या, पोरं पाण्यात पडली. सगळी वाचली, पण एका मुलीचं मनगट मोडलं. विल्मानं माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर इतकं सभ्य होतं की ती ते वाचून दोन दिवस जेवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाली.

गावाला मनगटाचं माहीत नव्हतं. गावाला आइसलंड तेवढं कळलं. "काय विल्मा, आइसलंडला आज काय हवा?" दुकानात, रस्त्यात, चर्चच्या पायरीवर. आमचा फेर्दो, म्हणजे गावच्या बंबवाल्यांचा प्रमुख, यात सगळ्यांच्या पुढे. फेर्दो वाईट माणूस नाही, पण एक विनोद सापडला की तो झिजेपर्यंत वापरतो. जुने बूट टाकवत नाहीत त्यातला.

विल्मानं गटाला कळवलं की माझं नाव पाळीतून काढा. त्यांनी काढलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. मग ती बदलली. पूर्वी आमच्याकडे जेवताना ताटावरून उठून खिडकीत जायची आणि भाऊ ओरडायचा. आता बाहेर गडगडलं तरी मान वर करत नव्हती. सूप गार होण्याआधी संपवायची. मी या बाईला वीस वर्षं टोमणे मारलेत, नणंदेचा तो हक्कच आहे, पण तिला असं खाली मान घालून सूप पिताना बघितलं की मला टोमणाही सुचायचा नाही. मला एवढंच हवं होतं की तिनं परत तो नकाशा काढावा आणि खाली आपलं नाव लिहावं. बाकी युरोपचं काय व्हायचं ते होवो.

यंदा जुलैमध्ये बंबवाल्यांचा मोठा उत्सव होता. दरवर्षी असतोच, पण यंदा दलाला शंभर वर्षं झाली, म्हणून फेर्दोनं मैदानावर पांढरा तंबू ठोकला. केवढा म्हणाल, तर त्यात आमचं चर्च मनोऱ्यासकट आडवं मावलं असतं. शनिवारी दुपारपासून बाजा, पोल्का, सोडत आणि जेवण. जेवणाचं माझ्याकडे. शुक्रवारी सकाळी मी बंबखान्यामागच्या स्वयंपाकघरात सॅलडसाठी बटाटे सोलत होते, तर विल्मा आली. चेहरा पांढराफटक.

"पेप्त्सा, योर्माची आई पडलीय. तो इस्पितळात आहे. आजची पाळी त्याची होती."

"मग दुसरं कुणी?"

"पोर्तुगालवाली विमानात. रुमानियाचा डोंगरात, फोन लागत नाही. सगळ्यांना विचारून झालं." तिनं माझ्यासमोरचा एक बटाटा उचलला आणि परत ठेवला. "उद्याचा नकाशा एक तर मी काढायचा, नाही तर कुणीच नाही."

"मग काढ."

"आणि उद्याची हवा चांगली नाही."

"मग तर काढच."

"माझा हात थरथरतो गं. गावं लिहिते, खोडते. दहादा तपासलं तरी उजवं की डावं तेच कळेना. आणि बघायला दुसरं कुणी नाही."

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मला कळतं. पण ही तर पेल्यालाच हात लावत नव्हती. मला राग आला. राग आला की मला बरं सुचतं.

"हातानं जमत नाही तर पायानं चाल," मी म्हटलं. "चल बाहेर."

बंबखान्यातला मोठा बंब धुवायला बाहेर काढला होता. आतली सिमेंटची जमीन मोकळी, कोरडी. मी सोडतीचे आकडे लिहायचा खडू तिच्या हातात दिला. ती वाकली आणि तिनं युरोप काढायला सुरुवात केली. मी तिला कधी चित्र काढताना बघितलं नव्हतं. इटली एका ओढीत. स्पेन. वर नॉर्वेचं ते उडी मारणाऱ्या कुत्र्यासारखं अंग. काळा समुद्र पाण्याच्या नळापाशी आला. मग फोनवरचे आकडे बघून ती एकेक गाव ठिपक्यानं मांडत गेली. त्रिएस्ते, क्लागेनफुर्ट, ग्योर, सेगेद, झाग्रेब.

तेवढ्यात फेर्दो आला, मागे चार-पाच बंबवाले.

"हे काय चाललंय?"

"युरोप," मी म्हटलं. "बाजूला हो, तू डेन्मार्कवर उभा आहेस."

पोरं हसली. विल्मा हसली नाही. ती त्रिएस्तेच्या ठिपक्यावर उभी राहिली, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला आणि चालायला लागली. क्लागेनफुर्टपर्यंत वर, मग वळून ग्योरकडे, मग खाली सेगेदला. दर ठिपक्यावर थांबायची, उजव्या हाताकडे बघायची आणि विचारायची, "पेप्त्सा, माझ्या हाताला कोण?" मी सांगायची. "आपण. हंगेरीचं तळं. क्रोएशियाची वरची बाजू." झाग्रेबवरून फिरून ती परत त्रिएस्तेला आली. एक पूर्ण फेरी, आणि हात सगळा वेळ आतल्या बाजूला. तिसऱ्या फेरीला बंबवाल्यांची पोरंसुद्धा उत्तरं द्यायला लागली. मग तिनं पिरनीजची छोटी फेरी घातली, लिथुआनियातल्या विजांची घातली. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईला भूत लागलं.

"आता लिहून घे," ती मला म्हणाली. "मी चालले त्याच ओळीत." मी लिहिलं. तिनं माझ्या कागदावरून संगणकात भरलं, आणि रंग जिथे भरायचा तिथेच भरला. आमच्यावर दोनचा आकडा. खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती नळावर हात धुऊन आली. मग तिनं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

फेर्दोनं तो दोन बघितला.

"म्हणजे माझा तंबू उडणार म्हणतेस."

"तुझ्या तंबूचं मी काहीच म्हणत नाही," विल्मा म्हणाली. "एवढ्या पट्ट्यात उद्या वारा कुठेतरी छपरं उचलेल. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. तुझ्याकडे न येण्याचीच शक्यता जास्त आहे."

"मग झालं तर."

"पण आला, तर तंबूत चारशे माणसं असतील."

"सरकारी इशारा पिवळा आहे. उन्हाळ्यात तो रोजच पिवळा असतो. आणि तुझं काय, गेल्या वर्षी तू आइसलंड बुडवलंस. उद्या म्हणशील लांडगा आला रे आला, आणि मी शंभर वर्षांचा समारंभ गुंडाळू?"

विल्माचा चेहरा पडला. म्हणून उत्तर मी दिलं.

"फेर्दो, तू तंबू ठेव. बाजा ठेव. भाषणही तिथेच कर. जेवण मात्र इथे, बंबखान्यात. मी एक बटाटा तंबूत नेणार नाही."

"ही दादागिरी झाली."

"झाली."

माणसं भाषणामागे जात नाहीत, निखाऱ्यावर भाजणाऱ्या खिम्याच्या चेवापचिचीच्या वासामागे जातात, हे फेर्दोला माझ्याइतकंच माहीत. संध्याकाळपर्यंत बाकं, टेबलं, पिंपं, सगळं बंबखान्यात आलं. तंबू मात्र त्यानं हट्टानं तसाच उभा ठेवला, रिकामा. म्हणजे त्याला काही पटलं नव्हतं, तो फक्त स्वयंपाकघराला हरला होता. विल्माला हे कळत होतं आणि मलाही.

शनिवार उजाडला तो असा लख्ख की मलाच विल्माचा राग आला. दुपारी बाजा सुरू झाला. चारशे माणसं बंबखान्यात, अंगणात, जागा मिळेल तिथे कोंबलेली. कोपर कोपराला लागत होतं, आणि बाहेर मैदानात पांढरा तंबू उन्हात चमकत बसलेला. लोक पोल्का नाचत होते ते थेट तिच्या युरोपवर. खडू पुसायला वेळच मिळाला नव्हता. फेर्दोनं भाषणात शंभर वर्षांचा इतिहास सांगितला आणि शेवटी म्हणाला, "आज आपण घाम गाळत आत बसलोय, पण आइसलंडची मंडळी सुरक्षित आहेत." सगळे हसले. विल्मा भावाशेजारी बसली होती. तीही हसली, आणि मला ते हसू बघवलं नाही.

पाचच्या सुमाराला उन्हं पिवळी झाली. टेकडीमागे एक ढग उभा राहिला, वरून सपाट, ऐरणीसारखा. गडगडाट ऐकू आला, म्हाताऱ्या माणसांनी क्रूसाची खूण केली, वाऱ्याची एक झुळूक आली, तंबूचा पडदा एकदा हलला. बस. आमच्याकडे थेंबसुद्धा नाही. अर्ध्या तासात ऊन परत आलं. कुणीतरी विल्माकडे बघून हातातला ग्लास उंचावला.

मग फेर्दोचा फोन वाजला. त्यानं बाजाला हातानं थांबवलं आणि ऐकत राहिला. तो "हो" आणि "निघालो" एवढंच म्हणाला. टेकडीपलीकडचं झाव्र्ह गाव. गारा अंड्याएवढ्या आणि त्यामागून वारा. तीस-पस्तीस घरांची कौलं फुटली, दोन गोठ्यांची छपरं गेली. माणसं ठीक. पण घरं उघडी पडली आणि अंथरुणं भिजत होती. ताडपत्र्या हव्यात, छपरावर चढणारी माणसं हवीत.

बंबवाल्यांनी तोंडातला घास तसाच ठेवला. ज्यांनी दोन ग्लास घेतले होते त्यांना फेर्दोनं बोटानं बाजूला काढलं, बाकीचे कोट चढवून बंबात बसले. विल्मा उभी राहिली होती, पण जागची हलली नव्हती. तिचं खरं ठरलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. झाव्र्हची निम्मी माणसं तिच्याच दुकानातून औषध नेतात.

फेर्दो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. सगळ्यांच्या देखत सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता माफी मागतो की काय. त्यानं मागितली नाही.

"विल्मा, मी पोरांना छपरावर चढवतोय. ओली कौलं आहेत आणि हातात लोखंडी शिड्या. मागून अजून काही येतंय का?"

हा प्रश्न युरोपचा नव्हता. झाव्र्हच्या छपरांचा होता, आणि छपरावर कोण चढणार ती पोरं तिच्या डोळ्यांसमोर बंबात बसली होती. तिनं फोन काढला. रडारचं चित्र बघितलं, विजांचे ठिपके बघितले.

"क्लागेनफुर्टकडे दुसरा उभा राहतोय. तुम्हाला पाऊण तास आहे. मी इथून हलत नाही. मी सांगितलं की उतरायचं."

"बरं," फेर्दो म्हणाला आणि गेला.

बाजा परत सुरू झाला, पण हळू. विल्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, नजर फोनवर, मग आभाळावर, मग परत फोनवर. मी तिच्यासाठी ताट वाढून नेलं. तिनं बघितलंही नाही, म्हणून मीच ते हातात धरून तिच्याशेजारी उभी राहिले. वर्षभरात पहिल्यांदा तिची मान वर होती. जेवण गार झालं तर होऊ दे, मला वाटलं.

पाऊण तास काही झाला नव्हता. मला तर सगळं होतं तसंच दिसत होतं. पण विल्माच्या कपाळाला आठी पडली. नवा ढग अपेक्षेपेक्षा वेगानं येत होता, किंवा त्याच्यापुढे दुसरा फुटत होता. तिनं मला नंतर दोनदा समजावलं आणि मला दोन्ही वेळा कळलं नाही. तिनं फोन लावला.

"फेर्दो, उतरव सगळ्यांना. आत्ता."

अर्धी छपरं उघडीच असणार, हे मलाही कळत होतं. आणि फेर्दो असा माणूस, की पाद्रीबाबांच्या प्रवचनातही शंका काढतो, डॉक्टरांशी स्वतःच्या रक्तदाबावर वाद घालतो. मी मनात म्हटलं, आता विचारेल, अजून दहा मिनिटं नाहीत का, तुझी नक्की खात्री आहे का. त्यानं काहीच विचारलं नाही. फोन बंदही केला नाही, तसाच हातात धरला असावा, कारण त्याचा आवाज आम्हा दोघींना लांबून स्पष्ट ऐकू आला. तो वर, छपरांकडे तोंड करून ओरडत होता.

"खाली या सगळे. आहे ते टाका आणि या. विल्मानं सांगितलंय."